पीएमडी फाइल नक्की कशाची? (मंडळाच्या जुन्या स्मरणिका उघडायच्या आहेत)

रावपुरेकर
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, रावपुऱ्यात राहतो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकांचे छापील अंक आता मोजकेच उरलेत, त्यातल्या दोन वर्षांचे तर वाळवीने अर्धे खाल्लेत. सगळ्यांची पीडीएफ करून ठेवू असं बैठकीत ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

ज्यांच्याकडे अक्षरजुळणी व्हायची त्यांनी त्या काळी दिलेली एक सीडी मंडळाच्या कपाटात सापडली. ते गृहस्थ दुकान बंद करून सुरतेला गेले, नंबर लागत नाही. सीडी वाचली जाते हेच नशीब. आत काही फाइलींना डॉट पीएमडी आहे, काहींना डॉट पी६५, एक डॉट सीडीआर, एक भलीमोठी डॉट डॅट, आणि काहींना मागे काहीच नाही, नुसतं 'मुखपृष्ठ फायनल'. डबल क्लिक केलं की विंडोज मलाच विचारतं, कशात उघडू?

भाच्याने नेटवर शोधून सांगितलं की पीएमडी ही जपानी नाचऱ्या बाहुल्यांच्या सॉफ्टवेअरची फाइल आहे. त्याने ते उतरवलं सुद्धा. त्यात आमची फाइल टाकली तर ते बंदच पडतं. गणपतीच्या स्मरणिकेत जपानी बाहुली कुठून येणार?

तर एकाच एक्सटेन्शनच्या वेगवेगळ्या फाइली असतात तेव्हा आपली कुठली हे कसं ओळखायचं? आणि ही उघडायची कशात?

खिळे_ते_माऊस
पेजमेकर! छपाईची पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर. डोळे मिटून सांगतो. पेजमेकर ५ ची फाइल पीएम५, ६ ची पीएम६, ६.५ ची पी६५ आणि ७ ची पीएमडी. एकाच सीडीवर पी६५ आणि पीएमडी शेजारी शेजारी आहेत म्हणजे त्या ऑपरेटरने मध्येच ६.५ वरून ७ वर उडी मारली. आम्ही सगळ्यांनीच मारली होती.

इंदूरी_पोहा
भिया, इतकं काय टेन्शन. फाइलचं नाव बदलून डॉट पीडीएफ करा. काम खल्लास.

खिळे_ते_माऊस
@इंदूरी_पोहा, उद्या मी नाव बदलून तेंडुलकर केलं तर मला फलंदाजी येईल का?

इंदूरी_पोहा
प्रयत्न तर करा काका :D

ऋता_अ
रावपुरेकर, खिळेकाका बरोबर सांगताहेत. पण पुढच्या वेळी तुम्हालाच ओळखता यावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एक्सटेन्शन म्हणजे फाइलचं आडनाव. जोशी म्हटल्यावर माणूस बडोद्याचा, ग्वाल्हेरचा की रत्नागिरीचा, काही कळतं का? तसंच हे. डॉसच्या काळात नावाला आठ अक्षरं आणि मागे तीन, एवढीच जागा असायची. कुठली तीन घ्यायची यावर कोणाचाच ताबा नव्हता. ज्याने त्याने आपल्या सॉफ्टवेअरला हवी ती घेतली आणि टक्कर झाली. विंडोज ९५ मध्ये लांब नावं चालायला लागली, पण तोवर तीन अक्षरांची सवय लागून गेली होती.

मग ओळखायचं कसं? बहुतेक प्रकारच्या फाइलींचे पहिले काही बाइट ठरलेले असतात. पीडीएफ उघडी केली तर टक्क्याचं चिन्ह आणि पुढे 'पीडीएफ' अशी रोमन अक्षरं दिसतात. झिपमध्ये 'पीके' दिसतं, तो प्रकार बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. जीआयएफमध्ये 'जीआयएफ८७ए' किंवा '८९ए'. फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं हेक्स एडिटर नावाचं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइलची कॉपी त्यात टाका, पहिली ओळ वाचा.

तुमच्या बाबतीत तर गंमतच आहे. त्या जपानी बाहुलीच्या फाइलची सुरुवातच 'पीएमडी' या तीन अक्षरांनी होते. तुमच्या फाइलच्या सुरुवातीला ती नसतील तर बाहुली नाही, विषय संपला.

सुरसागर_काठी
हेक्स एडिटर वगैरे कशाला? राइट क्लिक, 'ओपन विथ', नोटपॅड. मी तर तेच करतो.

ऋता_अ
चालतं, पण मोठी फाइल असली की नोटपॅड गुदमरतं. आणि चुकून सेव्ह झालं तर फाइलचं वाटोळं. सीडीवर लिहिता येत नाही म्हणून मूळ सुरक्षित आहे, पण पेनड्राइव्हवर घेतलेल्या एकुलत्या एका कॉपीवर हा खेळ करू नका.

खिळे_ते_माऊस
ऋताताईंचं बाइट-बिट ठीक आहे, पण मी त्याआधी तारीख बघतो. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये. बाहुल्यांचं ते सॉफ्टवेअर कधीचं आहे?

ऋता_अ
मिकूमिकूडान्स. २००८.

खिळे_ते_माऊस
झालं तर मग. रावपुरेकर, फाइलवर तारीख काय दिसते? २००३-०४ ची असेल तर तेव्हा बाहुली जन्मालाच आली नव्हती. फाइल कोणी केली, कुठल्या साली, कुठल्या धंद्यातल्या माणसाने, हे आधी विचारायचं. नेट शेवटी. तुमच्या भाच्याने नेट आधी विचारलं, आणि नेटला काय माहीत तुमचा गणपती?

रावपुरेकर
वा! तारीख पाहिली. सीडीवर २००३ आणि २००४ दिसतंय, पण मी कॉम्प्युटरवर कॉपी केलेल्या फाइलीवर आजची तारीख आहे. कुठली खरी?

ऋता_अ
दोन तारखा असतात. 'तयार केल्याची' कॉपी केली की आजची होते. 'बदलल्याची' सहसा जुनीच राहते. तुम्ही बदलल्याची पाहा.

माणिक_लष्कर
मी ग्वाल्हेरचा, आयटीत आहे. या आडनावांनी आमच्या ऑफिसातही धमाल होते. सर्व्हरच्या लॉगिनसाठी जी सार्वजनिक किल्ली असते तिच्या फाइलला डॉट पब असतं. साहेबांना मेलवर पाठवली, त्यांनी डबल क्लिक केलं, विंडोजने पत्रकं-निमंत्रणं बनवायचं मायक्रोसॉफ्ट पब्लिशर उघडलं. साहेबांचं उत्तर आलं, 'पत्रिकेचा मजकूर दिसत नाही.' ओळखायला सोपी आहे. किल्ली नोटपॅडमध्ये उघडली की 'एसएसएच' अशी अक्षरं सुरुवातीलाच दिसतात. पब्लिशरची उघडली तर नुसता कचरा.

डॉट टीएसचंही तसंच. आमच्यासाठी तो टाइपस्क्रिप्टचा कोड, घरच्यांसाठी सेट-टॉप बॉक्समधून रेकॉर्ड केलेली मालिका. व्हिडिओ असेल तर दर १८८ बाइटला इंग्रजी मोठा 'जी' येतो. माझा कोड बायकोच्या लॅपटॉपवर व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडतो आणि काळा पडदा दिसतो. ती म्हणते, तुझ्या कामाचं हेच खरं रूप.

सुरसागर_काठी
वहिनींना नमस्कार सांगा.

अरे हो, पब्लिशरवरून आठवलं. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशर बंद करतंय. ज्यांच्याकडे त्यातली पत्रकं, निमंत्रणं पडून असतील त्यांनी आत्ताच पीडीएफ काढून ठेवा. लिबरऑफिस ड्रॉमध्येही डॉट पब उघडते, पण मांडणी थोडी हलते.

डीटीपीवाली_बडोदा
धाग्यावर उशिरा आले. मांडवीजवळ अजूनही कंकोत्रीचं, म्हणजे लग्नपत्रिकांचं, काम करते, त्यामुळे डॉट सीडीआर हे माझं रोजचं जेवण. बहुतेक वेळा ती कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची. पण मॅकवरच्या डिस्क युटिलिटीत सीडी-डीव्हीडीची मास्टर कॉपी काढली तर तिलाही सीडीआरच लागतं. एका गिऱ्हाईकाने 'लग्नाची डिझाइन' म्हणून ७०० एमबीची सीडीआर पाठवली तेव्हाच मला वास आला. कंकोत्री कितीही सजवली तरी ७०० एमबीची होत नाही. ती एका अख्ख्या सीडीची प्रतिमा निघाली. आकार बघत जा, आकार पुष्कळ काही बोलतो.

आणि कोरलमध्येही आतून दोन घराणी आहेत. जुन्या सीडीआरच्या सुरुवातीला 'रिफ' दिसतं. २००८ च्या एक्स४ पासून पुढच्या सीडीआर आतून झिप असतात, म्हणजे ऋतानं सांगितलेलं 'पीके' दिसणार. रावपुरेकर, तुमची २००३ ची असेल तर 'रिफ' असणार. नवीन कोरलमध्ये सहसा उघडते. उलट मात्र होत नाही. नवीन व्हर्जनची फाइल जुन्यात आणली की 'चालशे नही'. गिऱ्हाइकांना हे समजावण्यात माझी अर्धी हयात गेली.

इंदूरी_पोहा
पण 'रिफ' तर माझ्या डब्ल्यूएव्ही गाण्यांतही दिसतं! मग ते कोरल का?

ऋता_अ
चांगला प्रश्न. रिफ हे नुसतं वेष्टन आहे. डब्ल्यूएव्ही, एव्हीआय, जुनं कोरल, सगळे तेच वापरतात. थोडं पुढे, आठ बाइट सोडून, 'वेव्ह' किंवा 'सीडीआर' असं खरं नाव येतं. तसंच जुन्या वर्ड, एक्सेल आणि पब्लिशरचं आहे. तिघांची सुरुवात एकच, डी०, सीएफ, ११, ई०. म्हणजे पहिल्या चार बाइटवरून घराणं कळतं, माणूस नाही.

म्हणून हाताने बघण्यापेक्षा एखादं साधन वापरा. लिनक्स आणि मॅकमध्ये 'फाइल' नावाची आज्ञा आहे. विंडोजवर ट्रिड आहे, ते टक्केवारीत अंदाज सांगतं. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजनं बनवलेलं ड्रॉइडही फुकट आहे, अख्खा फोल्डर एकदम तपासतं. मंडळाच्या कामाला मी ड्रॉइड सुचवीन, कारण यादी तयार मिळते आणि बैठकीत दाखवता येते.

खिळे_ते_माऊस
बैठकीत यादी दाखवली की चहा लांबतो, फाइल उघडत नाही.

बाळासाहेब_वाडी
माझ्याकडे मुलाच्या मुंजीच्या व्हीसीडीवर डॅट फाइल आहे. ती पण अशीच आहे का? कॉम्प्युटरवर घेताना मध्येच अडकते.

सुरसागर_काठी
व्हीसीडीची डॅट म्हणजे एमपेग-१ व्हिडिओ. फोल्डरचं नाव 'एमपेगएव्ही' आणि फाइल 'एव्हीसेक०१' असेल. व्हीएलसीत थेट चालते. इथे मात्र पोहेवाल्याचा उपाय लागू पडतो, नाव बदलून डॉट एमपीजी केलं तरी पुष्कळ प्लेअर उघडतात, कारण आत माल तोच आहे. अडकण्याचं कारण वेगळं. व्हीसीडीत जास्त व्हिडिओ बसावा म्हणून चुका दुरुस्त करणारी जादाची माहिती काढून टाकलेली असते. डाटा सीडीवरचा ओरखडा खपून जातो, व्हीसीडीवरचा खपत नाही. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही, आणि दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये घालून बघा.

इंदूरी_पोहा
बघा! माझा उपाय चालला. सराफ्यात कोणीतरी मला गराडू खाऊ घाला.

माणिक_लष्कर
सगळ्या डॅट व्हिडिओ नसतात हं. मेलला 'विनमेल डॉट डॅट' जोडलेली आली तर ती आउटलुक या मेलच्या सॉफ्टवेअरची करामत. पाठवणाऱ्याचे खरे कागद त्या गाठोड्यात असतात. समोरच्याला 'साधा मजकूर किंवा एचटीएमएलमध्ये परत पाठवा' म्हणावं, नाहीतर ते गाठोडं सोडणारी छोटी साधनं मिळतात.

शलाका_कारेलीबाग
विषयाला थोडं सोडून, पण लिहितेच. आईच्या व्हॉट्सअॅपवर 'लग्नपत्रिका' म्हणून फाइल आली आणि शेवटी डॉट एपीके होतं. पत्रिकेला एपीके कशाला? ते अँड्रॉइडचं अॅप असतं, टाकलं की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. सन २००० मधला तो 'आय लव्ह यू' व्हायरस आठवतो का? फाइलच्या नावात डॉट टीएक्सटी होतं आणि त्याच्या मागे डॉट व्हीबीएस. विंडोज ओळखीची एक्सटेन्शन लपवून ठेवतं, म्हणून लोकांना नुसतं टीएक्सटी दिसलं आणि त्यांनी उघडलं. सगळ्यांनी फोल्डरच्या 'व्ह्यू' मध्ये जाऊन एक्सटेन्शन दिसतील अशी खूण करून ठेवा. अनोळखी फाइल तपासायची असेल तर बाइट बघा, डबल क्लिक करू नका.

डीटीपीवाली_बडोदा
+१. आमच्याकडे लग्नसराईत हे रोज येतं.

नानासाहेब_पे
रावपुरेकर, स्पष्ट बोलतो, राग नसावा. एवढी यातायात कशासाठी? छापील अंक आहेत ना? ते स्कॅन करा, ३०० डीपीआयला, पीडीएफ बनवा. मजकूर शोधता यायला हवा असेल तर टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी येतं. दोन रविवारांचं काम. फाइलींच्या मागे लागलात तर दिवाळी होईल.

खिळे_ते_माऊस
नाना, वाळवीने खाल्लेली पानं स्कॅन कशी करणार? आणि मूळ फाइलीत मजकूर मजकूर म्हणून असतो.

नानासाहेब_पे
खाल्लेली दोन वर्षं फाइलीतून काढा, बाकी स्कॅन करा. शिवाय पेजमेकरमध्ये मजकूर मजकूर म्हणून असतो हे तुम्ही इंग्रजीबद्दल बोलताय. मराठीचं काय? त्या काळचे फॉन्ट आठवा.

डीटीपीवाली_बडोदा
नानांनी वर्मावर बोट ठेवलं. खरी रड इथून सुरू होते. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येतच नव्हतं. मराठीसाठी श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम, असं ज्याचं त्याचं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट होते. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले. फाइल उघडली आणि तो फॉन्ट नसला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी पौंड, येन आणि डोक्यावर टिंबं असलेली युरोपी अक्षरं. लोकांना वाटतं फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत असते.

त्यामुळे आधी फॉन्टचं नाव शोधा. पेजमेकरमध्ये उघडताना तो 'हा फॉन्ट नाही, कुठला लावू' असं विचारतो, तेव्हा नाव लिहून घ्या, घाईघाईत ओके दाबू नका. नाव कळलं की फॉन्ट कुठल्या घराण्यातला ते कळतं, आणि मग त्याच घराण्याचा युनिकोड कन्व्हर्टर वापरता येतो. आयएसएमचा मजकूर श्रीलिपीच्या कन्व्हर्टरमध्ये टाकलात तर नवीन भाषा जन्माला येईल.

आणखी एक. मोठी चित्रं पेजमेकर फाइलीत ठेवत नाही, बाहेरच्या टीआयएफएफ किंवा ईपीएस चित्रफाइलींशी फक्त दुवा ठेवतो. सीडीवर चित्रांचा वेगळा फोल्डर आहे का पाहा. नसेल तर अध्यक्षांच्या फोटोच्या जागी राखाडी, ठिपकेदार काहीतरी छापलं जाईल.

इंदूरी_पोहा
काही अध्यक्षांच्या बाबतीत ती सुधारणाच ठरेल.

खिळे_ते_माऊस
मागे काहीच नसलेल्या फाइलींचं कोणी बोललं नाही. बडोद्यात तेव्हा एक-दोन प्रेसमध्ये मॅक होते. जुन्या मॅकला एक्सटेन्शनची गरज नव्हती, तो फाइलच्या प्रकाराची आणि ती बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची चार-चार अक्षरी खूण वेगळी ठेवायचा. विंडोजवर आणली की ती खूण गळून पडते. 'मुखपृष्ठ फायनल' बहुधा तिथून आली असेल. ऋताताई सांगतात तसं आतून पाहा.

ग्रंथपाल_निवृत्त
सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवायला बडोद्यात आणलं. पुस्तक कपाटात जाण्याआधी त्याची नोंद झालीच पाहिजे ही शिस्त आम्ही नोकरीत तशीच शिकलो. तुमच्या सीडीवर नोंद असती तर हा धागाच निघाला नसता. आता जे कराल त्या प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा. कुठलं सॉफ्टवेअर, कितवं व्हर्जन, कुठले फॉन्ट, कोणी जुळवलं, कुठे छापलं. फॉन्टच्या फाइलीही त्यातच. नानांच्या स्कॅनच्या सूचनेला माझं अनुमोदन आहे, पण 'किंवा' म्हणून नव्हे, 'आणि' म्हणून.

नानासाहेब_पे
ग्रंथपालांपुढे मी कोण. दोन्ही करा.

संपादक मंडळ
दोन प्रतिसाद काढले आहेत. फुकटच्या, चोरीच्या पेजमेकरच्या लिंका इथे देऊ नयेत.

माणिक_लष्कर
रावपुरेकर, पेजमेकर कायदेशीर मिळणं कठीण असेल तर आधी लिबरऑफिस ड्रॉमध्ये टाकून बघा. पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली ते उघडतं. मांडणी जशीच्या तशी येईल अशी आशा ठेवू नका, पण मजकूर आणि फॉन्टची नावं कळली तरी पुष्कळ. कोणाकडे इनडिझाइन या पानं जुळवायच्या नव्या सॉफ्टवेअरची सीएस६ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर ती पेजमेकर ६ पासून पुढच्या फाइली घेते.

रावपुरेकर
मंडळी, अहवाल देतो.

पीएमडीच्या सुरुवातीला 'पीएमडी' नाही. बाहुली बाद. भाच्याने ते सॉफ्टवेअर ठेवून घेतलंय, त्यात तो आता खरोखर बाहुल्या नाचवतो.

लिबरऑफिसमध्ये फाइली उघडल्या. पानं विस्कटली, पण फॉन्टची नावं मिळाली, सगळी 'डीव्ही-टीटी' ने सुरू होणारी. डीटीपीवालीताईंना कळवलं, त्या म्हणाल्या सीडॅकचा आयएसएम. मंडळातल्या एका काकांच्या ऑफिसात जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर आणि त्यावर विकत घेतलेलं पेजमेकर ७ अजून चालू आहे, फॉन्टसकट. तिथे उघडलं आणि २००३ चं संपादकीय समोर! चित्रांचा फोल्डर सीडीवर आहे, पण अर्धी चित्रं त्यात नाहीत. ती नाना म्हणतात तशी छापील अंकातून स्कॅन करणार.

सीडीआर मुखपृष्ठाची, 'रिफ' वाली. डॅट म्हणजे अथर्वशीर्ष पठण स्पर्धेचा व्हिडिओ, व्हीएलसीत चालला. बिनएक्सटेन्शनच्या फाइलींतल्या दोन टीआयएफएफ निघाल्या, आणखी एकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं आहेत.

ऋता_अ
शून्यंवाली ती कॉपी सोडून द्या. कॉपी अर्धवट झाली असणार, त्यातून काही निघणार नाही. सीडीवरून थेट पुन्हा घेऊन बघा, तरी शून्यं असतील तर मग विषय संपला.

खिळे_ते_माऊस
अभिनंदन! पीडीएफ काढताना फॉन्ट 'एम्बेड' करायला, म्हणजे फाइलीतच बसवायला, विसरू नका, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर परत पौंड-येन.

बाळासाहेब_वाडी
मुंजीची व्हीसीडी पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, पूर्ण कॉपी झाली. धन्यवाद सुरसागर. फक्त शेवटच्या पंगतीत चित्र जरा फाटतं.

रावपुरेकर
एक राहिलंय. स्मरणिकेतल्या जाहिराती गुजरातीत आहेत आणि त्यांचा फॉन्ट त्या एक्सपीवर नाही. नाव लिहून घेतलंय, डीटीपीवालीताईंना निरोप टाकतो.

डीटीपीवाली_बडोदा
टाका. गुजराती जुने फॉन्ट माझ्याकडे ढीगभर आहेत. रविवारी सीडी घेऊन दुकानातच या, दुपारनंतर. सकाळी कंकोत्रीवाले असतात.